टिटवी कंपनीचा शेवटचा तुकडा

"आहे ना तुझ्याकडे?" मिसेस काल्मारनी फोनवर विचारलं, आणि चारुदत्त म्हणाला, "हो. आहे."

काय आहे, कुठे आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. पण वीस वर्षं सिडनीतल्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीझं सांभाळलेला माणूस तो. वरच्यांनी विचारलं की आधी 'ऑन ट्रॅक' म्हणायचं आणि मग जागेवर येऊन बघायचं, नक्की कुठे काय पेटलंय ते. ही सवय हाडात मुरलेली असते, बायको गेली म्हणून जात नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. श्यामला नाव तिचं. मार्चातल्या एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती स्वयंपाकघरात पडली आणि अँब्युलन्सवाले जिना चढून येईपर्यंत संपलंसुद्धा. तेव्हापासून चारुदत्त चालू होता, एवढंच म्हणता येईल. सहा-पाचला गजर, टूनगॅबीची ट्रेन, ऑफिस, परत ट्रेन, वरण-भात, झोप. झोप छान लागायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लोकांनी काय समजायचं? वरणात मीठ नाही हे अर्धी वाटी संपल्यावर लक्षात यायचं, आणि मग तो उठायचा नाही, उरलेलं तसंच संपवायचा. दात काढल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसा हा अख्खा माणूसच झाला होता. ओळखीच्या बायका भाजीचे डबे आणून द्यायच्या, दारातच त्याचं तोंड निरखायच्या. तो "नो वरीज, मी बरा आहे" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी डबा घासून, आत मूठभर साखर घालून परत करायचा. रिकामा डबा परत देऊ नये एवढं अजून शिल्लक होतं.

तर फोन. मिसेस काल्मार म्हणजे कासल हिलच्या एज्ड केअर होममध्ये राहणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या बाई. श्यामला दर गुरुवारी त्यांच्याकडे जायची, कारण ती लिहीत होती त्या पुस्तकात त्या होत्या. किंवा त्यांच्यात तिचं पुस्तक होतं, दोन्ही खरंच.

हे पुस्तक म्हणजे या घरातलं चौथं माणूस. श्यामला युनिव्हर्सिटीत सिनेमाचा इतिहास शिकवायची, आणि अकरा वर्षं व्हिएन्नातल्या एका बुडालेल्या सिनेमा कंपनीच्या मागे होती. सहकारनगरात वाढलेल्या बाईला व्हिएन्नाचं काय पडलंय, असं चारुदत्तने पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. उत्तर दोन तास चाललं. पुन्हा त्याने विचारलं नाही.

कंपनीचं नाव कीबित्स फिल्म. कीबित्स म्हणजे टिटवी. तुरेवाली टिटवी त्यांच्या पाटीवर असायची, म्हणून घरात सगळे टिटवीच म्हणायचे. "आई कुठाय?" "टिटवीकडे." १९२० साली ही कंपनी दोन साडूंनी काढली. एक छत्र्या करणारा, दुसरा लग्नांचे फोटो काढणारा. साडू-साडूंनी भागीत धंदा काढावा आणि तो अकरा वर्षं टिकावा, हा मूळ चमत्कार आहे, सिनेमे नंतर, असं श्यामला म्हणायची. छत्र्यांच्या कारखान्याला काचेचं छप्पर होतं, ऊन फुकट, म्हणून शूटिंग तिथेच. मागचा पडदा बदलला की राजवाडा, पुन्हा बदलला की तुरुंग. पाऊस दाखवायचा असला तर काय, छत्र्या घरच्याच!

त्यांची एक खोड मात्र ऐकण्यासारखी. प्रत्येक सिनेमाला ते दोन शेवट करायचे. पूर्वेकडच्या देशांत लोकांना रडून बाहेर पडायला आवडतं आणि पश्चिमेकडच्यांना हसून, असा व्यापाऱ्यांचा ठाम समज. म्हणून सकाळी नायिका नदीत उडी टाकायची आणि दुपारी, केस वाळवून, त्याच माणसाशी लग्न करायची. एकेचाळीस सिनेमे असे काढले. मग बोलपट आला. यांनी एकच बोलपट तीन भाषांत काढला, एकच दिवाणखाना, एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीवर पाळीपाळीने बसणाऱ्या तीन नायिका. तिन्ही भाषांत पडला. १९३१ला टिटवी बंद. आज त्या एकेचाळीसांपैकी तीन उरलेत, तेही अर्धे-मुर्धे. बाकी सगळं जळलं, कुजलं, हरवलं.

आणि एक तुकडा उरला होता मिसेस काल्मारांकडे.

छत्रीवाल्या साडूची मुलगी लीझल. सोळा वर्षांची असताना तिने टिटवीच्या शेवटच्या मूकपटात काम केलं. पुढे तिचं लग्न झालं, १९३८ साली नवरा-बायको जीव मुठीत धरून व्हिएन्नातून निघाले ते सिडनीला पोचले, आणि इथे त्यांना मुलगी झाली, त्याच या मिसेस काल्मार. मुलगी तीन वर्षांची असताना लीझल गेली. मिसेस काल्मारांकडे आईचे तीन फोटो होते, तिन्हींत ती पासपोर्टासाठी बसल्यासारखी. आणि एका टिनाच्या डबीत फिल्मची गुंडाळी होती, मुठीत मावेल एवढी. आई त्या गुंडाळीत हलत होती. पण ऐंशी वर्षांत ती गुंडाळी कुणी चालवून पाहिली नव्हती. जुनी नायट्रेटची फिल्म ती, मशीनवर चढवली तर भुगा व्हायची किंवा पेट घ्यायची. उजेडाला धरली तर खिळ्याएवढी बाई दिसायची, बस.

लायब्रऱ्या, संग्रहालयं मागायला आली होती. मिसेस काल्मारनी दिली नाही. "मी माणसाला देते, बिल्डिंगला देत नाही," असं म्हणायच्या. शेवटी जानेवारीत त्यांनी ती डबी श्यामलाच्या हातात ठेवली. कॅनबेराजवळच्या एका प्रयोगशाळेत अशी फिल्म एकेक चित्र सुटं करून स्कॅन करतात. श्यामलाने तिथे नंबर लावला. तो नंबर आता नोव्हेंबरात लागला होता. प्रयोगशाळेने श्यामलाला ईमेल केली, ती कुणी वाचली नाही, मग त्यांनी तुकड्याच्या मालकीणबाईंना, मिसेस काल्मारांना, फोन केला. पुढच्या शुक्रवारी तुकडा घेऊन या.

"मला आईला चालताना बघायचंय," मिसेस काल्मार फोनवर म्हणाल्या. "मग मी मोकळी. गुरुवारी ये, निघायच्या आधी मला एकदा हातात दे."

"नक्की," चारुदत्त म्हणाला.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि श्यामलाच्या खोलीत शिरला. खोली तशीच होती. आठ महिने तो फक्त व्हॅक्यूम फिरवायला आत जायचा. कपाटं पाहिली, खण पाहिले, पुस्तकांच्या मागे हात घातला. टेबलावर तिची वही होती, पुण्याहून आणलेली दोनशे पानी. तिच्या कच्च्या टिपणांना ती मराठी वापरायची. इंग्रजीत लिहायला बसलं की मी उगाच शहाणी होते, असं तिचं म्हणणं. पहिलं पान:

'तुकडा. चित्रं ४३८. थंडीत ठेवणं भाग, नाहीतर भुगा. गॅरेजमधला फ्रीझर, खालचा कप्पा, आईस्क्रीमचा डबा. चारूला सांगायचं.'

ते सांगायचं राहून गेलं होतं.

चारुदत्तने वही मिटली. पुढचं पान उलटायची त्याला गरजच वाटली नाही, कारण डबी कुठे गेली ते त्याला कळलं होतं. तो गॅरेजमध्ये गेला, फ्रीझर उघडला. खालचा कप्पा चकचकीत रिकामा होता. रिकामा कुणी केला? त्यानेच.

त्या मार्चातल्या दिवशी विमलताईचा फोन आला होता. विमलताई म्हणजे चारुदत्तची थोरली बहीण, मेलबर्नला क्रेगीबर्नमध्ये असते. ती विमानतळावरून बोलत होती. "चारू, ऐक माझं. मी संध्याकाळपर्यंत पोचते. तोवर घरातलं शिजवलेलं, खवलेलं, निवडलेलं सगळं टाकून दे. भरलेलं पाणीसुद्धा ओत. माणूस गेल्यावर आपल्याकडे ठेवत नाहीत." अहो, किती बरं वाटलं होतं त्याला! कुणीतरी काम दिलं होतं. माणसं येत होती, खांद्यावर हात ठेवत होती, त्यांचं काय करायचं हे कळत नव्हतं. हे काम कळलं. आणि चारुदत्त काम अर्धवट ठेवणारा नव्हे. घरातला फ्रीज झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला. तो फ्रीझर विमलताईच्या ध्यानीमनीही नसेल.

आता आपल्या घरांतलं सगळ्यांना ठाऊक आहे. आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम असतं का कधी? खवलेला नारळ असतो, मटार असतात, पुरण असतं, अळूवड्यांचे उंडे असतात. असे नऊ डबे होते. एकाचंही झाकण न उघडता त्याने ते लाल झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकले. नववा डबा हलका होता आणि आत काहीतरी खडखडलं. हाताला ते कळलं होतं. हाताने डोक्याला कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलचा ट्रक येऊन गेला.

फ्रीझरचं दार उघडं राहिलं म्हणून तो बीप-बीप करायला लागला. चारुदत्तने दार लावलं आणि वॉशिंग मशीनवर बसून राहिला. आपल्या हातून एका म्हातारीची आई कचऱ्यात गेली, असं तो मनाशी दोनदा म्हणाला. हे भयंकर आहे, हे त्याला पटत होतं. पण दुसऱ्याच्या घरची बातमी ऐकावी तसं.

रविवारी सावनीचा फोन आला. लेक मेलबर्नला युनीत, दुसऱ्या वर्षाला. त्याने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, मीटिंगचा वृत्तांत सांगतात त्या आवाजात.

"ओह बाबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, लिसन. नायट्रेट रॉट्स. इट्स व्हॉट इट डज. आईच सांगायची ना, चांगली दिसणारी डबी उघडली तर आत नुसती पावडर? जस्ट टेल हर दॅट."

"खोटं सांगू?"

"शी इज एटी-फाइव्ह! खरं सांगून तिला काय मिळणारे? की तिची मॉम लँडफिलमध्ये आहे? प्लीज बाबा. तुला पण त्रास, तिला पण."

गोष्ट शहाणपणाची होती. नायट्रेट कुजतं, जगातले सगळे तज्ज्ञ मान डोलावतील, कुणालाही विचारा. एक वाक्य बोलायचं आणि सुटायचं. पोरगी किती मायेने सांगत होती, आणि आपल्याला त्याचंही काही वाटत नाही, हे चारुदत्तच्या लक्षात आलं. "बरं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

गुरुवारी दुपारी तीनला तो कासल हिलला पोचला. सोबत वही घेतली होती. 'थंडीत ठेवणं भाग, नाहीतर भुगा,' असं तिच्याच अक्षरात होतं, विचारलंच तर दाखवता आलं असतं. मराठी वाचणारं तिथे कोण होतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. कागद सोबत असला म्हणजे झालं.

मिसेस काल्मार खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने एवढ्याशा, ओठांना ठसठशीत लिपस्टिक, मांडीवर पांढरा नॅपकिन पसरलेला. डबी ठेवण्यासाठी तो पसरला होता हे त्याला बसल्यावर कळलं.

"आण," त्या म्हणाल्या.

"मिसेस काल्मार, आय ॲम सॉरी," चारुदत्त म्हणाला, आणि मग पाठ केलेलं बोलला. काल प्रयोगशाळेत न्यायच्या तयारीसाठी डबी उघडली. आत फिल्म उरली नव्हती. तपकिरी पावडर होती. या फिल्मचं असं होतं. कुणाचा इलाज नसतो.

आता त्या विचारतील, पावडर कुठाय, असं त्याला वाटलं, आणि त्याचंही उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. पण त्यांनी नॅपकिनची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

"बॉयलर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चाळीस वर्षं मी ती डबी चादरींच्या कपाटात ठेवली होती. कपाटाच्या खाली गरम पाण्याचा बॉयलर. चादरी उबदार राहायच्या, मला आवडायचं. तुझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, कुठे ठेवली होती इतकी वर्षं? मी म्हटलं, थंड जागी. खोटं बोलले. लाज वाटली मला. सगळ्या संग्रहालयांना नाही म्हटलं, माझ्यापेक्षा नीट कोण सांभाळणार म्हटलं, आणि चाळीस वर्षं तिला शिजवत ठेवलं." त्यांचा आवाज चढला नाही. तो खाली-खाली गेला. "माझी आई मीच संपवली. तू कशाला सॉरी म्हणतोस?"

आता चारुदत्तने करायचं एवढंच होतं, की गप्प बसायचं. बाईंनी दोष स्वतःवर घेतला होता, उठून त्यांचा हात हातात घेतला असता आणि दोन गोड शब्द बोलला असता तर तो देवमाणूस ठरला असता. पार्किंगची मुदत संपायला अजून चाळीस मिनिटं होती. त्या खुर्चीत अशा बसल्या होत्या, जणू कुणीतरी बसवून निघून गेलंय आणि परत येणार नाहीये. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी सहन होईना.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "मी. डबी चांगली होती. मी ती फेकून दिली."

मिसेस काल्मारनी कानातलं यंत्र बोटाने दाबलं. "परत बोल."

तो परत बोलला. या वेळी सगळं बोलला. माणूस गेलं की आमच्याकडे घरातलं अन्न टाकतात. ती गेली त्या दिवशी मी टाकलं. नऊ डबे होते. तुमची आई नवव्या डब्यात होती, खोबऱ्याच्या आणि मटारांच्या मधे. पावडर वगैरे मी रचलं.

"झाकण नाही उघडलंस?"

"नाही."

"नऊ डबे, आणि एकाचंही झाकण नाही?"

"नाही."

"का?" त्या ओरडल्याच. दारातून जाणारी नर्स थबकली. "आंधळा आहेस? आळशी आहेस? का नाही उघडलंस?"

"तिच्या हातचं होतं सगळं," चारुदत्त म्हणाला. हे कारण त्याचं त्यालाही आत्ताच कळत होतं. "तिने आदल्या रविवारी नारळ खवला होता. मला ते बघवलं नसतं."

मिसेस काल्मारनी तोंड खिडकीकडे फिरवलं. नर्सने विचारलं, सगळं ठीक ना? त्या म्हणाल्या, नाही, आणि हाताने तिला जायला सांगितलं.

"मी तुला माफ करणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं म्हातारी माणसं माफ करतात. मला चांगलं वागायचा कंटाळा आलाय."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि उठला.

"बस खाली. ती वही कसली?"

"श्यामलाची. त्या तुकड्याचं टिपण आहे. बहुतेक एकेका चित्राचं."

"बहुतेक म्हणजे? तू वाचलं नाहीस?"

"पहिलं पान वाचलं."

"झाकणं उघडत नाहीस तू कसलीच," मिसेस काल्मार म्हणाल्या. "वाच."

त्याने वही उघडली. मराठीतून वाचत, अडखळत, तो इंग्रजीत सांगायला लागला. प्रोजेक्टर नसताना श्यामलाने तो तुकडा खिडकीशी धरून, भिंगातून, चित्रामागून चित्र पाहिला होता. दिवसाला वीस-पंचवीस चित्रं. हा रडका शेवट होता. नियोजित वर सोडून गेलाय आणि लीझल पायऱ्यांवर छत्री घेऊन उभी आहे, भिजतेय, आता रडायचंय.

"'चित्रं एक ते साठ,'" तो वाचत होता. "'उभी आहे. छत्री डाव्या हातात. पाऊस वरून कुणीतरी झारीने घालतंय, कारण तो फक्त तिच्यावरच पडतोय. एकसष्ट ते एकशे दहा. पाच पायऱ्या खाली येते. उजवा पाय आधी. चालताना टाचा किंचित बाहेर पडतात.'"

मिसेस काल्मारनी मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मोजे घातलेले दोन पाय, टाचा एकमेकींपासून लांब.

"पुढे," त्या म्हणाल्या.

"'एकशे चाळीसच्या सुमारास कॅमेऱ्यामागे कुणीतरी काहीतरी करतं. ती तिकडे बघते. बघायला नको होतं. एकशे एकसष्ट: ओठ आवळलेले. एकशे चौसष्ट: डावा खांदा वर. एकशे सत्तर: हात तोंडाकडे निघालाय, पण उशीर झालाय. एकशे अठ्ठ्याहत्तर: हसली. पूर्ण. वरचा एक दात जरा पुढे. छत्री पडली.'" त्याने पान उलटलं. "'म्हणजे हा टेक वाया गेलेला! म्हणूनच कापून टाकला. बापाने जमिनीवरून उचलून खिशात घातला असणार, पोरगी हसताना दिसते म्हणून. नीट रडली तो अख्खा सिनेमा हरवला. फुकट गेलेलं तेवढं उरलं.'"

मिसेस काल्मारांचं बोट वरच्या ओठावर गेलं होतं, डाव्या बाजूच्या दातापाशी. लिपस्टिक पसरली.

"ती हसायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाबा तिच्याबद्दल बोलायचेच नाहीत. मी धरून चालले होते की ती दुःखी बाई होती." मग एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. "दाखव."

"काय?"

"कसं हसली ते. मी उठू शकत नाही, तू उठू शकतोस. सगळं लिहिलंय ना? खांदा, हात. करून दाखव."

"मिसेस काल्मार, मला अभिनय वगैरे—"

"मी तुला विचारत नाहीये."

चारुदत्त उठला. चौपन्न वर्षांचा माणूस, ऑफिसचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. त्याने वही डाव्या हातात छत्रीसारखी धरली. ओठ आवळले. डावा खांदा वर केला. हात तोंडाकडे नेला.

"भराभर करतोस. हात आधी गेला. पुन्हा."

त्याने पुन्हा केलं. ते चूकच होतं हे त्यालाही कळलं, म्हणून त्याने वहीत पाहिलं. समासात तिने आडवं लिहिलं होतं. 'आरशासमोर सतरा वेळा करून पाहिलं. आधी खांदा, मग मान, हात सगळ्यात शेवटी. हसू आलेलं आपल्याला कळायच्या आत खांद्याला कळतं. चारूने दारातून पाहिलं आणि वेड लागलं म्हणाला.'

पाहिलं होतं. खरंच पाहिलं होतं. फेब्रुवारीतली शनिवारची दुपार, ती आरशासमोर खांदा उडवत होती, आणि तो दारात उभा राहून "श्यामे, वेड लागलं का गं तुला" म्हणाला होता, आणि तीही तोंडावर हात नेता नेता फस्सकन हसली होती.

आता त्याला ते हसू नेमकं माहीत होतं. त्याने डावा खांदा वर केला. मान किंचित मागे नेली. हात उशिरा निघाला, तोंडापर्यंत पोचायच्या आत चेहरा फुटला, आणि जे बाहेर आलं ते इतकं मोठ्याने आलं, की तो पलंगाच्या कडेला धरून खाली बसला. तो रडत होता. नाक, डोळे, तोंड, सगळ्यांतून. वही छातीशी धरून, "श्यामे, श्यामे" करत. पोटातून येत होतं, आणि दुखत होतं, फार दुखत होतं.

मिसेस काल्मारनी त्याला थांबवलं नाही. जवळही घेतलं नाही. घडी घातलेला नॅपकिन उलगडून त्याच्या गुडघ्यावर टाकला, आणि तो नाक पुसेपर्यंत वाट पाहिली.

"आत्ता जमलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटचं सोडून. पुन्हा कर. आणि रडू नकोस, तिथे ती हसते आहे."